खाऱ्या पाण्यातलं धुणं

समोरच्या गच्चीच्या कठड्यावर आज सकाळी सात गोधड्या पडल्या. अमरावतीत उन्हाळा तापला हे मला कॅलेंडर सांगत नाही, गोधड्या सांगतात. होळीनंतर पुढचे दोन महिने हिवाळ्याचं सगळं अंथरूण-पांघरूण टबात भिजत पडतं, सोड्याचा तो घशाशी जाणारा वास गल्लीभर होतो, कूलर खिडकीतून उतरून अंगणात येतात आणि बायका साड्या खोचून गोधड्या तुडवायला उभ्या राहतात. लांबून मोठं गमतीचं दिसतं. मला आताशा ते पाहवत नाही. मी खिडकी लावून घेतली.

मग फोन उघडला, तर तिथंही तेच. एक बाई सांगत होती, धुण्याची पावडर विकत घ्यायचीच कशाला, घरी करा, खर्च वाचवा. पाठीमागे चकचकीत न्हाणीघर, आणि नखं अशी रंगवलेली की त्या नखांनी तिनं एक रुमाल जरी पिळला असेल तर मी नाव बदलीन. खाली बायकांच्या हात जोडलेल्या रांगा. ‘थँक्यू ताई, आजच करून बघते.’ ‘आमचे मिस्टर खूश झाले.’ होणारच! मिस्टरांच्या बापाचं काय जातं? मी तावातावानं चार ओळी लिहायला घेतल्या आणि मधेच थांबले. कारण सहा उन्हाळ्यांपूर्वी ती शहाणी बाई मीच होते.

तो उन्हाळा अकोल्याचा. मी अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. बाटल्या भरून ठेवायच्या, द्रावणं करायची, पोरांनी फोडलेल्या काचा वेचायच्या. सुट्ट्या लागल्या की मोठ्या भावाकडे अकोल्याला जायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा नेम. भाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम. त्या वर्षी त्यानं गावाबाहेरच्या लेआउटमध्ये नवं घर बांधलं होतं. नळ अजून पोचला नव्हता. टँकर यायचा तो पिण्यापुरता, बाकी सगळी मदार बोअरवर, आणि बोअरचं पाणी खारं. ज्यानं खारपाणपट्टा पाहिला नाही त्याला हे पाणी सांगून कळायचं नाही. साबण कितीही घासा, फेस येत नाही; फाटलेल्या दुधासारखा चोथा तेवढा हाताला लागतो. न्हालेले केस चिकट. स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, घासून पालथा घातला तरी वाळल्यावर त्याच्यावर पांढरे डाग. कूलरच्या जाळीवर मिठाची पुटं चढायची, आणि दुपारी त्याच कूलरचा खारट, दमट वारा खात आम्ही फरशीवर आडवे पडायचो.

घर बांधून माणूस खिशानं रिकामा होतो, हे मला मान्य आहे. पण भाऊनं बचतीला हात घातला तो नेमका कुठं, तर मोरीत. त्याचा तंबाखू-सुपारीचा खर्रा चालू होता. पानठेल्यावरचा दोन वेळचा चहा चालू होता. बंद झाली ती धुणंभांड्याची कांताबाई. बंद झाली ती पाकिटातली पावडर. फरशीचं फिनाईल सायकलवाल्याकडून सुटं यायला लागलं, न्हाणीतले मिठाचे डाग काढायचं ॲसिड कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत आलं. वॉशिंग मशीनचा विषय मी एकदा काढला, तर भाऊ म्हणाला, “येडी झाली काय तू? खाऱ्या पान्यानं मशीनचा सत्यानास होते. साल दोन सालात डरम सडते.”

मशीनचा डरम सडेल याची त्याला काळजी. आणि त्याच पाण्यात रोज चार तास कुणाचे हात बुडालेले असतात हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. माझ्या तरी कुठं आलं! मी मान हलवली. म्हटलं, बरोबर आहे.

वहिनी तेल्हाऱ्याकडची. खारं पाणी तिच्या माहेरचंच, त्यामुळे कुरकुर अशी तिला येतच नव्हती. बोलणं कमी, उरक दांडगा. पहाटे बोअर सुरू झाली की टब भरायचे आणि ऊन तापायच्या आत तारेवर कपडे पडलेले असायचे. भाऊला जिनिंगमध्ये पांढरा शर्टच लागे. रोजचा एक पांढरा शर्ट, सरकीच्या धुळीनं कॉलर मळलेली, आणि पाणी असं की पांढऱ्याचं पिवळं व्हायला दोन धुणी पुरत. सुटी पावडर त्या पाण्यात नुसती तळाशी बसायची. वहिनी कॉलर घासघासून घासायची, आणि वर भाऊ विचारायचा, “काहून वं, शर्ट असे पिवळे काहून पडून राहिले?”

मला वहिनीची दया आली. खरंच आली, खोटं नाही सांगत. आणि थोडी मिजासही होती. घरात मी केमिस्ट्रीवाली. मी बाजारातून धुण्याचा सोडा आणला, फेस आणणारी दाट स्लरी आणली, गच्चीवर टबात ते कसं कालवायचं, किती मुरवायचं, वाळवून कसं चाळायचं, सगळं वहिनीला दाखवलं. पहिल्या खेपेला फेस आला नाही. येणार कसा, त्या पाण्यात? तेव्हा मीच म्हटलं, “थोडा कॉस्टिक सोडाही टाकून पाहू.” टाकला. मळ निघाला. शर्ट पांढरा झाला. भाऊनं तारेवरचा शर्ट उजेडात धरला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी इतकी फुगले होते की विचारू नका.

सुट्टी संपताना मी वहिनीला बजावलं, की कॉस्टिक काठीनं ढवळायचा, हात घालायचा नाही. ती म्हणाली, “मंग किती टाकायचा ते समजन कसं, ताई?” मी चमच्याचं माप दिलं. पण खाऱ्या पाण्याला माप कुठलं! चैत्रात बोअरला पाणी बरं असतं, वैशाखात पाणी खाली गेलं की खारेपणा वाढतो. चमचा कधी पुरायचा, कधी नाही. मग वहिनीनं तिच्या अकलेनं वाट काढली. साखरेचा पाक झाला का नाही हे आपण कसं पाहतो? थेंबभर घेऊन अंगठा आणि बोट मिटायचं, उघडायचं, तार येते का बघायचं. तसंच. टबात पावडर टाकायची, वर चिमूट चिमूट कॉस्टिक, आणि अंगठा-बोट बुडवून चोळायचं. बुळबुळीत लागलं की समजायचं, झालं. नाही लागलं तर अजून एक चिमूट. लेआउटमधल्या दोन-चार बायकाही तिच्याकडून ते शिकून गेल्या. “अंगठ्यानं पायतो मी,” वहिनी मला दिवाळीला अभिमानानं सांगत होती. मी ऐकलं, आणि लाडू खात राहिले.

आता इथं मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. कारण ते बुळबुळीत म्हणजे काय, हे साऱ्या घरात एकट्या मला ठाऊक होतं. कॉलेजात दर जूनला मी नव्या पोरांना तेच सांगते. कॉस्टिक हाताला बुळबुळीत लागतो तो उगीच नाही. तो कातडीतलं तेल खातो आणि त्या तेलाचा तिथल्या तिथे साबण होतो. आपल्याच कातडीचा साबण. पोरं ‘ईऽऽ’ करतात, हात मागे घेतात, हातमोजे चढवतात. वहिनी सहा वर्षं रोज सकाळी अंगठा घालून स्वतःच्या कातडीचा साबण झाला का ते बघत होती, आणि झाला की समाधानानं कपडे भिजवत होती. आणि मी लाडू खात होते.

या सहा वर्षांत भाऊनं ही गोष्ट किती जणांना सांगितली असेल! पाहुणा आला, चहा झाला, की सुरू: “आमच्या घरी पावडरीचा खर्चच नाई जी. घरीच बनते. बहीन केमिस्ट्रीत हाये ना आपली.” पाहुणे माना डोलवायचे. वहिनी कपबश्या उचलायला यायची तेव्हा तिची बोटं दिसायची, सांध्यांवर चिरा गेलेली, हिवाळ्यात त्या चिरांतून रक्त यायचं, मग ती खोबरेल लावून चिंध्या गुंडाळायची. साडीची निरी करताना बोटं कापडाला अडकायची. “पावडरीनं होते थोडंसं,” असं ती म्हणायची, जशी काही सर्दी झाली. बचत कुठं गेली म्हणाल, तर दोन वर्षांपूर्वी भाऊची मोटारसायकल नवी आली. नळही कधीचा आला होता, पण त्याचं पाणी पिण्यापुरतं, धुणं बोअरवरच. पोरगा पुण्यात नोकरीला लागला. घरात दोन माणसं आणि बचतीची गरज म्हणून काही उरली नव्हती, पण टब तोच आणि गच्चीही तीच. इतकी वर्षं फुकट होणारं काम पैसे देऊन कोण करून घेतो? वाचवायची सवय दुसऱ्याच्या हाताला लावली की ती सुटत नाही.

या चैत्रात मी अकोल्याला गेले तेव्हा वहिनीच्या पिशवीत कागद भरलेले होते. सरकारकडून बायकांच्या खात्यात महिन्याला काही पैसे येतात, ते तिलाही येत होते. थोडेच, पण तिचे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेल्या बाईनं त्यातून पहिल्यांदा कुणाला न विचारता एक वस्तू घेतली होती, चष्मा. “विचारा नाई लागलं कोनाले,” एवढंच म्हणाली होती ती मला, पण काच पुसून पुसून म्हणाली होती. आता नवा नियम आला होता. अंगठा लावून ओळख पटवायची, नाहीतर पैसे बंद. पाच आठवड्यांची मुदत. भाऊलाही बँकेचं काही काम होतं, म्हणून तिघंही कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रात गेलो. केंद्र सलीमभाईंचं, पन्नाशीचा शांत माणूस, लेआउटमधल्या सगळ्यांचे कागद त्यांच्याकडेच.

वहिनीनं उजवा अंगठा ठेवला. मशीननं लाल दिवा दाखवला. पदराला पुसून पुन्हा ठेवला. लाल. डावा, लाल. मग एकेक करून दाही बोटं.

“भाभी, हात दाखवा जरा,” सलीमभाई म्हणाले. त्यांनी खिडकीच्या उजेडात तिचा अंगठा पाहिला आणि मलाही जवळ बोलावलं. मीही पाहिला. सहा वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिला. अंगठ्यावर रेघ म्हणून नव्हती. गुळगुळीत, लाल, चकाकणारी कातडी, पिकलेल्या टोमॅटोच्या सालीसारखी.

“बोटं नाही तर डोळ्यांच्या मशीनवर होतं ना?” मी विचारलं.

“ते बिघडून पडलं, ताई. कधी येईन ते काई सांगता येत नाई.”

तेवढ्यात भाऊनं आपलं काम पुढं सरकवलं. म्हणाला, “तोपर्यंत माह्यं तं करून घ्या.” आणि अंगठा ठेवला. हिरवा दिवा. पहिल्या फटक्यात. पन्नास वर्षांच्या हातावर एक रेघ हललेली नाही, जसा देवानं दिला तसाच अंगठा. मी त्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिले. आयुष्यात मला इतका राग कधी आला नव्हता, आणि कुणावर काढावा तेही कळेना, कारण त्यातला अर्धा माझ्याच वाट्याचा होता.

भाऊ म्हणाला, “हे पैसे माह्या खात्यात नाई वळवता येत काय? एकच घर हाये ना.”

“नाई जी,” सलीमभाई म्हणाले, “हे भाभीच्याच नावाचे.” मग वहिनीकडे वळून हळू बोलले, “भाभी, आमच्या अम्मीचं बी असंच झालं होतं, पेन्शनच्या वक्ताले. महिनाभर सोडा-साबन पूरा बंद केला, रोज तेल लावलं. लकीरं वापस आल्या. हाताले आराम द्या, बस.”

आणि तेव्हा माझा सख्खा भाऊ, वाईट नाही हो तो, दारू पीत नाही, हात उगारत नाही, भर केंद्रात म्हणाला, “महिनाभर? मंग घरचं कोन करन?”

मी तोंड उघडलं. इतकं उघडलं की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. डरमची काळजी होती ना तुला, असं म्हटलेलं आठवतं. तुझ्या मोटारसायकलला रोज पुसतोस, असंही म्हटलं. भाऊ लाल झाला, “घरी बोलू, घरी बोलू,” करत राहिला. वहिनीनं कागद पिशवीत भरले, चष्मा काढून डबीत ठेवला आणि बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी तिला अमरावतीला घेऊन आले. भाऊ म्हणाला, चार दिवस ठीक आहे.

काम न करणं कुणाला इतकं जड जाऊ शकतं हे मला त्या महिन्यात समजलं. मी भांडी घासायला बसले की वहिनी मागे येऊन उभी. “द्या ना इकडे, एवढ्यानं काय होते!” मी ओरडायची, “हात लावाल तर खबरदार!” ती बिचारी सोफ्यावर जाऊन दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायची, दवाखान्यात नंबराची वाट बघत बसावं तशी. दुपारी कूलरसमोर झोपायची आणि झोपेतून दचकून उठायची, टब भरून वाहतोय असं वाटून. माझ्या नळाचं पाणी गोड. मी कपडे भिजवले की टबावर फेस चढायचा, आणि ती दारात उभी राहून बघायची. “कितीऽ फेस येते वं बाप्पा,” एकदा म्हणाली. मग थोड्या वेळानं, “आमाले असं पानी असतं तं बोटं वाचले असते.” तिच्या तोंडून तक्रार म्हणून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मी मोरीत गेले आणि नळ मोठा सोडून रडले.

माफी मागायची होती. एका संध्याकाळी तिच्या बोटांना तेल लावताना मी सुरुवात केली, “वहिनी, तो कॉस्टिक मीच...” तर ती म्हणाली, “तुमी तं माह्यी मेहनत वाचवाले गेल्या, ताई.” मला वाटलं, संपलं, माफ झालं. पण ती पुढं बोलली, “पन मंग सहा सालात एक डाव तरी हात पायाचा होता माह्या.” तिनं हात काढून घेतला नाही. मी तेल चोळत राहिले.

विसाव्या दिवसानंतर रोज सकाळी चष्मा लावून ती अंगठा खिडकीशी धरायची. आधी काहीच नाही. मग एकदा म्हणाली, कडेला काही दिसतं का पाहा. होतं. मुंगीच्या वाटेएवढं बारीक काहीतरी. मुदत संपायला चार दिवस असताना आम्ही राजापेठेकडच्या एका केंद्रात गेलो. लाल. लाल. लाल. तिसऱ्यांदा लाल झाल्यावर मी देवाला नाही नाही ते बोलले. चौथ्यांदा तिनं अंगठा ठेवला, वरून दुसऱ्या हातानं दाबून धरला, डोळे मिटले. मशीन टुणकन वाजलं आणि स्क्रीनवर तिचं नाव उमटलं. ती ते नाव तीनदा वाचून घेऊन मगच उठली.

संध्याकाळी भाऊचा फोन आला. वहिनीनं स्पीकरवर टाकला.

“लागला काय आंगठा?”

“लागला.”

“झालं ना मंग! उद्याच ये. गोधड्या तशाच पडल्या हायेत, कूलर बी धुवाचा हाये.”

वहिनी म्हणाली, “येतो उद्या. माह्यं घर हाये ते. पन सोड्यात हात नाई घालत आता. दर साली लावा लागन हा आंगठा. गोधड्या बाई लावून धुवा, नाई तं तुमी धुवा.”

पलीकडून फोन कटला. वहिनीनं फोन टेबलावर ठेवला आणि पिशवी भरायला घेतली.

आज सकाळी समोरच्या गच्चीवर त्या सात गोधड्या पडल्या, मी खिडकी लावली, फोनवरच्या त्या चार ओळी अर्ध्यावर सोडल्या, आणि तेवढ्यात भाऊचा फोन. वहिनी जाऊन आठ दिवस झालेत. आवाज चढलेला. म्हणाला, ती टबाजवळ फिरकत नाही. म्हणाला, कांताबाईला परत लावावं लागलं. म्हणाला, “काय शिकवलं वं तू तिले महिनाभर?”

मी म्हटलं, “सहा वर्षांपूर्वी मी तिला गच्चीवर नेऊन शिकवलं, तेव्हा नाही विचारलंस, भाऊ.”